पक्का कागद

मोतीराम : येवढ्या कपाटायमंधी आपल्या कामाचं एकबी पुस्तक नाही म्हणतं का तू?

संजीवनी : हळू बोला बाबा. लायब्ररी हाये ही.

मोतीराम : हळूच बोलून राह्यलो. वावरात बोलतो तसं बोललो असतो तं ह्या काचा तडकल्या असत्या.

महामाया : काका, तुम्ही कोण? कॉलेजच्या ग्रंथालयात बाहेरच्यांना बसता येत नाही.

संजीवनी : मॅडम, हे माझे वडील. दुसरबीडहून आलेत, सकाळच्या एसटीनं. थोडा वेळ बसू द्या ना. एक निकाल शोधायचा आहे.

महामाया : त्यासाठी वकील असतो.

मोतीराम : वकिलानंच धाडलं बाई. म्हणे, मोतीरामभाऊ, तुमची संजीवनी बुलढाण्याले वकिली शिकते, कॉलेजात सारे निकाल ठेवले असते. तिले म्हणा, आपल्या बाजूचा एखादा हुडकून दे.

महामाया : वा. केस वकिलाची आणि अभ्यास मुलीचा. बसा. पण पंख्याखालच्या टेबलावर नको, तिथं परीक्षेची मुलं आहेत. विषय काय आहे, संजीवनी?

संजीवनी : वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा.

महामाया : कोणत्या बाजूनं पाहिजे? हिस्सा मिळतो असा, की मिळत नाही असा?

संजीवनी : म्हणजे...

मोतीराम : मिळत नाही असा.

महामाया : मुलगी कोण?

मोतीराम : माही बहीण, रुख्मिणी. सख्खी. गेल्या साली तिनं माह्यावर दावा ठोकला.

महामाया : म्हणजे संजीवनी, तुझी आत्या. जिच्याकडे तू राहतेस, ती?

संजीवनी : हो मॅडम. तीच.

महामाया : हं. तिसरं कपाट. आधी निकालांच्या सारांशाचं डायजेस्ट काढ, मागे विषयवार सूची आहे. एकदम खंडात डोकं घालू नकोस, हाती काही लागायचं नाही. आणि काका, पानाला थुंकी लावायची नाही.

मोतीराम : नाही लावत बाई.

संजीवनी : इथी बसा बाबा. मी काढते.

मोतीराम : तिनं काही इचारलं तुले? मी येऊन राह्यलो म्हून?

संजीवनी : आत्यानं? नाही. मी सांगतलंच नाही. आमी दोघी त्या विषयावर बोलतच नाही. ती पोळ्या करते, मी भाजी करते. तुमची तारीख असली की ती सकाळी गुपचूप साडी बदलून निघून जाते, अन् आली की म्हणते, आज बाजारात लय गर्दी व्हती.

मोतीराम : मले सांग, इथी बुलढाण्यात सोताचं घर हाये तिचं. भाऊजी गेले तवापासून एसटीची पेन्शन येते. तिले कायले पाहिजे माहं वावर?

संजीवनी : आबाचं वावर, बाबा.

मोतीराम : आबा गेले त्याले किती सालं झाली! पाणी कोणं देलं मंग? भेंडी तोडून तोडून माह्या बोटाईची गत पाह्य. खाज सुटली की मी हात चुलीवर धरतो. रुख्मीले माहीत तरी हाये का भेंडीची खाज?

संजीवनी : लग्नाच्या आधी तीच तोडे, असं म्हणते ती.

मोतीराम : म्हणते ना? पाह्य, म्हणजे बोलता तुमी.

संजीवनी : भेंडीबद्दल बोलतो.

मोतीराम : समृद्धीचा रस्ता झाला नसता तं तिले आठवण तरी आली असती का? तवरोक ते वावर म्हणजे गोटे व्हते. आता रोडच्या बाजूनं हाटेलवाले येऊन इचारून राह्यले, मोतीरामभाऊ, देता का? तवा हिले भाऊ आठवला.

संजीवनी : तिनं आधी नाव लावा म्हटलं व्हतं सातबाऱ्यावर. तुमी म्हटलं, तू पाहुणी हाये, चहा घे अन् जाय.

मोतीराम : तं काय चुकीचं बोललो? तू पुस्तक पाह्य.

संजीवनी : पाहून राह्यली. हे घ्या. दोन हजार पंधराचा निकाल. सुप्रीम कोर्टाचा.

मोतीराम : काय म्हणते?

संजीवनी : दोन हजार पाचमध्ये कायदा बदलला. पोरीले पोरासारखाच वाटा. पण ह्या निकालात म्हटलं हाये, त्या दिवशी बाप जिवंत पाहिजे. बाप आधीच वारला असंन, तर पोरीले ह्या कायद्याचा फायदा नाही.

मोतीराम : आबा दोन हजार दोनले वारले!

संजीवनी : हळू, बाबा.

मोतीराम : दोन हजार दोनले, पोळ्याच्या आठ दिवस आधी. म्हणजे जिंकलो का नाही आपून? अगं माय, हे वकिलाले का सापडत नव्हतं! झेरॉक्स कर याची. दोन कर. एक मी घरी ठेवतो.

संजीवनी : थांबा.

मोतीराम : आता कायले थांबू?

संजीवनी : मॅडम, तो कॉम्प्युटर चालू आहे का? या निकालाचं पुढे काय झालं ते पाहायचं आहे.

महामाया : चालू आहे. बरं झालं विचारलंस. निम्मी मुलं निकाल सापडला की उड्या मारत जातात. तो अजून जिवंत आहे का, हे कोणी बघत नाही.

मोतीराम : निकाल बी मरते का बाई?

महामाया : मरतो ना काका. वरच्या खंडपीठानं मोडला की मेला. कपाटात मात्र तसाच उभा राहतो, त्याच बाईंडिंगमध्ये.

संजीवनी : मोडला मॅडम.

महामाया : दोन हजार वीस ना?

संजीवनी : हो. तीन न्यायाधीशांचा. बाबा, हे ऐका. पोरीचा हक्क जन्मापासून हाये. बाप दोन हजार पाचले जिवंत असो का नसो. तो पंधराचा निकाल यांनी चूक ठरवला.

मोतीराम : मंग तो कपाटात कायले ठेवला?

संजीवनी : बाबा...

मोतीराम : नाही, मी इचारतो. चूक हाये तं फाडून फेका ना. लोकाले कायले दाखवता? बरं, हा वीसचा निकाल रुख्मीच्या वकिलाले माहीत असंन का?

संजीवनी : तुमच्या वकिलाले बी माहीत हाये. न्यायाधीशाले तर तोंडपाठ असंन. ह्या कामात हा पहिलाच निकाल निघते.

मोतीराम : मंग त्यानं मले इथी कायले पाठवलं?

संजीवनी : तुमाले काय सांगाव ते सुचलं नसंन, म्हून पाठवलं. पुढची तारीख येईस्तोवर तुमी काहीतरी हुडकत राह्यले म्हणजे त्याले बरं.

मोतीराम : वाटणी झाली व्हती म्हटलं तं? तोंडी?

संजीवनी : तेबी पाह्यलं. तोंडी चालत नाही म्हणते कोर्ट. सरकारी कागद पाहिजे, दोन हजार चारच्या डिसेंबराच्या आधीचा.

मोतीराम : पण रुख्मीनं सही केली व्हती! हक्कसोड लेहून देली तिनं. आबा गेल्यावर सालभरानं. सरपंच व्हता, दोन साक्षीदार व्हते. मंग तिनं शिरापुरी खाल्ली आमच्या घरी. खुशीनं खाल्ली.

संजीवनी : तो कागद मी पाह्यला बाबा. साध्या स्टॅम्पवर हाये. रजिस्टर नाही केला.

मोतीराम : सही तं खरी हाये ना?

संजीवनी : सही खरी असून काय करता? जमिनीतला हक्क सोडाचा असंन तर निबंधकाच्या हापिसात जाऊन नोंदवा लागते. फोटो निघते, अंगठा घेते, समोर बसवून इचारते. सरपंचाच्या ओट्यावर लेहेलेला कागद कोर्ट हातात बी घेत नाही.

मोतीराम : फेरफार झाला व्हता त्याच्यावर. तलाठ्यानं केला.

संजीवनी : फेरफारानं मालकी होत नाही.

मोतीराम : म्हणजे तवा आपून सिंदखेडराजाले गेलो असतो, अन् रजिस्टर केलं असतं, तं?

संजीवनी : तर मग पक्का कागद झाला असता. आत्याले दावा करताच आला नसता.

मोतीराम : वीस सालानं बी नाही?

संजीवनी : नाही. धाकानं नाहीतर फसवून सही घेतली असं शाबीत केलं तरच. तेबी तीन वर्साच्या आत.

मोतीराम : अन् कायदा उद्या पुन्हा बदलला तं?

संजीवनी : सोडलेला हक्क सोडलेलाच राह्यते.

मोतीराम : हे कुठी लेहेलं हाये, दाखव.

संजीवनी : हे पाहा. नोंदणी कायदा, कलम सतरा.

मोतीराम : याची झेरॉक्स कर.

संजीवनी : हे आपल्या विरुद्ध जाते बाबा. आत्याचा वकील हेच दाखवन.

मोतीराम : कर म्हणतो ना.

संजीवनी : वकिलाले देऊ नका मात्र.

मोतीराम : वकिलाले कोण देते? रुख्मी गेली आता हातातून. समजलं मले. सोमवारी तू गावाकडं येजो. आईले बी सांगतो मी. सिंदखेडराजाले जाऊ.

संजीवनी : कायले?

मोतीराम : तुह्या नावाचा कागद करू. रुख्मी जे नेईन ते नेईन, उरलं ते तरी एका जागी राह्यलं पाहिजे.

संजीवनी : माह्या नावाचा?

मोतीराम : हक्कसोड. रजिस्टर. तू म्हटलं तसा पक्का.

संजीवनी : बाबा, तुमी हे आता ठरवलं?

मोतीराम : मनात व्हतंच. कसं कराव ते माहीत नव्हतं. तू सांगतलं ते बरं झालं, नाही तं मी पुन्हा सरपंचाकडंच गेलो असतो.

संजीवनी : मी काई मागितलं का तुमाले?

मोतीराम : रुख्मीनं तरी कुठी मागितलं व्हतं वीस सालं?

संजीवनी : मी रुख्मीआत्या नाही.

मोतीराम : रुख्मीबी रुख्मी नव्हती, पोरी. माह्या पाठीवर बसून शाळेत जाये ती. नाल्याले पाणी आलं की मी तिले पाठीवर घेऊन पलीकडं नेऊन देये. कोर्टात ती माह्याकडं पाहत बी नाही. वकिलाच्या मागं उभी राह्यते, पदर तोंडाशी धरून. मी कसा भरोसा धरू सांग कोणाचा?

संजीवनी : म्हून माह्यावर आधीच अविश्वास.

मोतीराम : तुले शिकवलं मी. तोच तुहा वाटा. गावात कोणत्या बापानं पोरीले वकिलीले टाकलं, दाखव.

संजीवनी : माह्या भावाले, गोपालले, पुण्याले शिकाले ठेवलं. तीन सालं. तो त्याचा वाटा व्हता का?

मोतीराम : तो पोरगा हाये.

संजीवनी : अन् हे शिकवणं, बाबा, आत्याच्या घरी राहून शिकली मी. तिच्या पेन्शनीची पोळी खाऊन. तुमी कोर्टात तिच्या विरुद्ध उभे, अन् सकाळी ती मले डबा देऊन राह्यली.

मोतीराम : तं नको खाऊ! चाल घरी. कोणं सांगतलं शिक म्हून? परीक्षा राह्यली तं राह्यली.

महामाया : काका, आवाज.

मोतीराम : मॅडम, तुमीच सांगा. शिकेल बाई हाये तुमी. बहिणीनं भावाचं वावर न्यावं का? पोरीनं बापाले असं तोंडावर बोलावं का?

महामाया : मला विचारू नका.

मोतीराम : नाही, सांगा. तुमाले भाऊ असतीन ना?

महामाया : दोन आहेत. मी पण दिली होती सही. रजिस्टर केलेली. तेव्हा इथं कामाला लागले होते मी, ते तिसरं कपाटही माझ्याच ताब्यात होतं.

मोतीराम : पाह्य! मॅडमनं देली. येवढ्या पुस्तकायमंधी राहून देली.

महामाया : हो. राखीला साडी येते दरवर्षी. एकाच दुकानातली. काका, तुमची झेरॉक्स झाली असेल तर उठा आता. माझं रजिस्टर तपासायला प्राचार्य येतील.

मोतीराम : निघतो बाई. संजीवनी, सोमवारी. आईले तुही आठवण बी येऊन राह्यली.

संजीवनी : अन् नाही आली तर?

मोतीराम : येशील तू. तू रुख्मी नाही म्हटलं ना आताच.

(पुढच्या आठवड्यात, बुधवारी. तेच ग्रंथालय, दुपार.)

महामाया : सोमवार, मंगळवार दिसली नाहीस.

संजीवनी : सिंदखेडराजाले गेली होती मॅडम. हे पुस्तक जमा करायचं आहे.

महामाया : ठेव तिथं. केलीस सही?

संजीवनी : केली.

महामाया : मारलं का कोणी?

संजीवनी : नाही. कोणी बोट नाही लावलं. बाबा तर फार गोड बोलत होते. जीपमध्ये मला खिडकीची जागा दिली. आई बाजूले बसली. उतरल्यावर माह्या दुपट्ट्याची घडी नीट केली अन् म्हणाली, बाई, तुले उद्या जायचं हाये कुठी तरी. मले त्याच घरात राह्यचं हाये.

महामाया : एवढंच?

संजीवनी : एवढंच. मी रातभर तयारी केली होती मॅडम. बाबाले काय काय म्हणायचं, कोणतं कलम, कोणता निकाल. आईले काय म्हणायचं ते ठरवलंच नव्हतं.

महामाया : निबंधकांनी विचारलं असेल ना? स्वखुशीनं करता का म्हणून?

संजीवनी : इचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मान बी वर केली नाही. मागं लय लोक उभे होते. मंग अंगठा घेत होते मशीनवर, तो उमटेच ना. त्या बाबूनं माहा हात धरून पाह्यला अन् म्हणे, ताई, भाजीपाल्यात काम करता का, रेघा झिजल्या तुमच्या. बाबा तिथीच उभे होते.

महामाया : काय म्हणाले?

संजीवनी : म्हणे, डाव्या हाताचा घ्या. तो उमटला.

महामाया : बस. उभी नको राहू. पाणी पी.

संजीवनी : नको मॅडम.

महामाया : पी म्हणते ना. हे बघ, तुलाच माहीत आहे, दबावाखालची सही रद्द करता येते. तीन वर्षं आहेत तुझ्याजवळ. तोवर तू स्वतः वकील होशील.

संजीवनी : दबाव शाबीत कसा करू? साक्षीले कोणाले उभं करू, आईले? कागदावर साक्षीदार म्हणून खाली तिचीच सही हाये. दुसरी मामाची.

महामाया : तुझ्या आईला सही येते?

संजीवनी : मीच शिकवली होती. बचत गटासाठी.

महामाया : आत्याला कळलं?

संजीवनी : मी सांगतलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा. ती तांदूळ निवडत होती. मले वाटलं रडन, नाही तं आरडाओरड करन. म्हणे, मी तं लढीन बाई, मले वावरच पाहिजे. नुसतं नाव घेऊन काय चाटू? वावर घेईन अन् त्या हाटेलवाल्याले विकीन, तुह्या बापाच्या डोळ्यासमोर. पण मी कोर्टात उभी राहून म्हणते की पोरीचा हक्क हाये, अन् माह्याच ताटात जेवणारी पोरगी तिकडं सही करून येते. वकील काय म्हणन मले? लोक काय म्हणतीन?

महामाया : मग?

संजीवनी : मग तांदूळ धुतले. आम्ही जेवलो. तिनं मले दोनदा वरण वाढलं. अन् मग म्हणाली, होस्टेलमध्ये जागा पाह्य.

महामाया : तिचं चुकलं असं वाटतं तुला?

संजीवनी : नाही वाटत. तेच तर हाये. कोणाचंच चुकलं असं वाटत नाही मॅडम. आईचं नाही, आत्याचं नाही. बाबाचं म्हणाव, तर ते खरंच बोटं चुलीवर धरते. मी पाह्यलेलं हाये.

महामाया : वडिलांचं चुकलं. म्हण एकदा. इथं कोणी नाही.

संजीवनी : कायले म्हणू? सही तर मी केली.

महामाया : आत्याची केस?

संजीवनी : ती जिंकन. अर्धं वावर तिचं होईन. उरलेलं अर्धं गोपालचं. बाबाले आत्ताच माहीत हाये हे. येताना हाटेलात बसून सगळ्यांना जिलबी घेतली त्यांनी. स्वतः एक तुकडा बी नाही खाल्ला.

महामाया : मी सही केली तेव्हा आमच्याकडे आईस्क्रीम होतं. थोरल्यानं आणलं होतं. मी दोन खाल्ली. मला वाटलं, आता भाऊ खूश राहतील.

संजीवनी : अन् राह्यले?

महामाया : असतील. मी नसते ना तिथं. काय, या पुस्तकाची मुदत वाढवून देऊ? परीक्षेत लागेल तुला.

संजीवनी : नको. दुसऱ्या कोणाले लागन ते.

महामाया : तो खिडकीतून दिसतोय बघ, मोटरसायकलवाला. केव्हाचा उभा आहे. मागे गादी बांधली आहे. तुझ्यासाठी आलाय का?

संजीवनी : गोपाल हाये तो. माहा भाऊ. आत्याच्या घरून सामान आणलं त्यानं. होस्टेलले पोचवून देतो म्हणे. आत्याच्या पाया बी पडला.

महामाया : तो काय म्हणाला या सगळ्यावर?

संजीवनी : काही नाही. चांगला हाये मॅडम तो. दुसरबीडहून उन्हाचा आला. येताना माह्यासाठी टेबल फॅन घेऊन आला, होस्टेलात गरम होईन म्हून. त्यानं माह्याजवळ कधीच काही मागितलं नाही.

महामाया : सहीसुद्धा नाही?

संजीवनी : नाही. त्याले मागाच लागलं नाही.